चेनला ९० नंबरचं ऑइल की स्प्रे?

१०० सीसीची गाडी, रोज कात्रज ते शिवाजीनगर, रविवारी जमलं तर सिंहगड. आधी चेनला ९० नंबरचं गिअर ऑइलच टाकायचो, स्वस्त पडतं आणि रोलरच्या आत मस्त मुरतं, फक्त रात्री टाकून सकाळी फडक्याने नीट पुसायचं, नाहीतर मागच्या रिमवर काळे ठिपके आणि पँटची वाट लागलीच समजा. चेन ल्यूबचा स्प्रे उडतो कमी, पण महाग, आणि जास्त मारला तर धूळ अशी चिकटते की चेनचा पॉलिश पेपर होतो. पावसाळ्यात मात्र मी स्प्रेच मारतो, ऑइल लगेच धुऊन जातं. बाकी वर्षभर ऑइल, दर ५०० किमीला. आणि चेन टाईट करताना प्ले, म्हणजे थोडी ढील, ठेवा हां, नाना पेठेतून आणलेला नवा चेन-सेट मीच जास्त ताणून घालवलाय.