साठीची पोर्ट आणि मला घातलेली टोपी

आधीच सांगतो, जुन्या पोर्ट वाइनच्या नादात गेले ते एकूण ४८० पौंड आणि त्यातले माझे फक्त ६०. बाकीचे ज्यांचे गेले ती माणसं माझ्याच घरात माझ्याच टेबलाभोवती बसलेली होती आणि "तू बघ रे, तुला कळतं" म्हणून त्यांनी पैसे माझ्याकडे दिले होते. त्यामुळे हे लिहायला चार महिने लागले. लाज वाटत होती, सरळ सांगायचं तर.

आम्ही इथे इंग्लंडमधे आठ जण आहोत, व्हिंटेज पोर्टचं वेड असलेले. पाच मराठी, एक गुजराती वहिनी आणि दोन इंग्लिश शेजारी. आम्हा पाचांची पोर्टशी पहिली ओळख अर्थातच गोव्याची, ट्रिपवरून येताना घेतलेली ती गोडमिट्ट स्वस्त बाटली, जी घरी आल्यावर "रक्त वाढतं" म्हणून आजीला चमचा चमचा दिली जायची (आजी मागून घ्यायची). इथे आल्यावर कळलं की खरी पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली, द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचीच कडक दारू ओतून आंबणं मधेच थांबवतात, म्हणून गोडी शिल्लक राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. आणि व्हिंटेज म्हणजे त्यातली एकाच वर्षाच्या द्राक्षांची, तेही वर्ष खरंच भारी असेल तरच, दहा वर्षांत साधारण तीनदा. पिपात दोन-अडीच वर्षं आणि मग पुढचं सगळं आयुष्य बाटलीत. वीस वर्षं, चाळीस, साठ.

तर साठ. आमच्या ग्रुपमधले डॉक्टर १९६३ चे. २०२३ च्या नोव्हेंबरमधे त्यांची साठी. आणि १९६३ हे पोर्टचं गाजलेलं वर्ष, पोर्ट बनवणाऱ्या बहुतेक सगळ्या मोठ्या घराण्यांनी त्या वर्षी व्हिंटेज जाहीर केली होती. इथे मूल जन्मलं की त्याच्या जन्मवर्षाची पोर्ट घेऊन तळघरात ठेवायची जुनी रीत आहे, डॉक्टर जन्मले वाईला, त्यांच्यासाठी कोण ठेवणार? म्हणून आपण शोधू, असं मीच बोलून बसलो. साठीशांत मंदिरात सकाळी झाली, संध्याकाळचं टेस्टिंग माझ्याकडे.

हा विक्रेता मला ऑनलाइन जाहिरातीत सापडला. फोटोत हिरव्या चौकड्यांच्या किचन टॉवेलवर ठेवलेली एक बाटली, १९७७ ची. आजोबांचं तळघर रिकामं करतोय म्हणाला. भाव बरा होता, फुकटात नाही पण लिलावापेक्षा कमी. घेतली. घरी आणून उघडली, अस्सल निघाली! कॉर्कवर नाव आणि वर्ष छापलेलं, तळाशी बोटभर गाळ, चव तर काय सांगू, सुकं अंजीर, लवंग आणि मागून चहासारखी तुरट. इथेच मी गेलो. पहिली बाटली खरी देणं हाच त्याचा गळ होता हे आता कळतं, पण तेव्हा मी त्या माणसाला देवमाणूस समजत होतो.

महिन्याभराने त्याचाच मेसेज, आजोबांच्या तळघरात मागच्या फळीवर १९६३ च्या चार सापडल्यात, तुला आवड आहे म्हणून आधी तुला विचारतोय. लेबल नाहीये, लाखेचं सील आहे, बाटलीवर पांढऱ्या रंगाचा एक फटकारा आहे. आणि इथे माझं ज्ञान माझ्या आड आलं. कारण हे सगळं खरं असू शकतं! १९७० पर्यंतची बरीच व्हिंटेज पोर्ट साडेपाचशे लिटरच्या आसपासच्या पिपांतून इंग्लंडला यायची आणि इथले दारूचे व्यापारी ती स्वतः बाटल्यांत भरायचे, मग कुणी लेबल लावायचा, कुणी नाही, कुणी लाख लावायचा. पांढरा फटकारा असतो तो बाटली आडवी ठेवताना वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून, म्हणजे हलवली तरी गाळ परत त्याच बाजूला बसतो. पोर्तुगालमधेच बाटल्या भरायची सक्ती त्यानंतरची. नवख्या माणसाने लेबल नाही बघून नाक मुरडलं असतं आणि वाचला असता, मी मात्र लेबल नाही म्हणून जास्तच खूश झालो. बायकोला अर्धा तास समजावून सांगितलं वर. ती एवढंच म्हणाली, "नाव नसलेलं औषध घेशील का?"

१२० ला एक, चारचे ४८०. घरी येऊन घेतो म्हटलं तर आई आजारी आहे म्हणाला, मोटरवेवरच्या सर्व्हिस स्टेशनच्या पार्किंगमधे भेट. डिकीत चार बाटल्या, धुळीने माखलेल्या, आता वाटतं धूळ जरा जास्तच सारखी लागलेली होती. पैसे आधी बँक ट्रान्सफरने पाठव म्हणाला, पाठवलेले होते.

पुढचं सगळं मी शास्त्रोक्त केलं, त्याचंच हसू येतं. बाटल्या तीन दिवस उभ्या ठेवल्या, गाळ खाली बसावा म्हणून. जुने कॉर्क भुगा होतात म्हणून जाळीचं कापड, टॉर्च, दोन डिकँटर (गाळून ओतून ठेवायच्या काचेच्या सुरया). काहींकडे तर लोखंडी चिमटा असतो, तो लालभडक तापवून बाटलीच्या मानेला लावायचा आणि मग गार पाण्याचा हात फिरवायचा की मान कॉर्कसकट स्वच्छ तुटते, मला तोही करून बघायचा होता, घरातून परवानगी मिळाली नाही. नशीब. मान तोडली असती तर कॉर्क अडकलेलाच राहिला असता आणि मला आणखी उशिरा कळलं असतं.

दुपारी पहिली बाटली उघडली. लाख फोडली, कॉर्क एका ओढीत सुटून आला. साठ वर्षांचा कॉर्क, आणि सुटून आला. मी खूश. कापडातून टॉर्चच्या उजेडात ओतत गेलो, गाळ दिसला की थांबायचं म्हणून, गाळ दिसलाच नाही, शेवटच्या थेंबापर्यंत स्वच्छ. मनात आलं तळघर फार शांत असेल. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो ते बघा. दुसरी, तिसरी, तेच.

संध्याकाळी सगळे आले, स्टिल्टन चीज, अक्रोड, वहिनींनी केलेली शंकरपाळी (पोर्टबरोबर चीजपेक्षा भारी लागतात, करून बघा). पोर्ट डावीकडे द्यायची ही इथली पद्धत, आणि कोणी डिकँटर अडवून बसला की "नॉरिचच्या बिशपला ओळखता का?" असं विचारायचं, म्हणजे पुढे सरकवा. डॉक्टरांनी पहिला ग्लास उचलला, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतायत. ते म्हणाले, "वा, तरुण आहे रे, माझ्यापेक्षा." सगळे हसले. मी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला आणि पोटात गोळा आला. साठ वर्षांची पोर्ट विटकरीकडे झुकते, कडेला तर कांद्याच्या सालीसारखी फिकी होते. ही जांभळाच्या रसासारखी होती, कडेपर्यंत. चवीला जॅम आणि घशात जाळ.

कोणी काही बोलेना. आपल्या लोकांचा स्वभाव, यजमानाला कसं बोलायचं. शेवटी वयस्कर इंग्लिश शेजारी हळूच किचनमधे आले आणि म्हणाले, कॉर्क कुठे आहेत? दाखवले. तिन्ही आखूड, कोरे, एकावरही अक्षर नाही. व्हिंटेज पोर्टचा कॉर्क लांब असतो आणि लेबल नसलेल्या बाटलीची ओळख पटवायची ती कॉर्कवर छापलेल्या नावावर आणि वर्षावरच, तेच नेमकं मी बघितलं नव्हतं. मग त्यांनी रिकामी बाटली उलटी केली. तळाला काचेतच उठवलेलं, ७५ सीएल (सेंटिलिटर) आणि बाजूला इंग्रजी 3 सारखी दिसणारी खूण. ही खूण मापाच्या बाटल्यांवर यायला लागली ती १९७५ च्या युरोपियन नियमानंतर. म्हणजे १९६३ ची वाइन १९६५ च्या सुमारास भरली म्हणायची, आणि बाटली जन्माला यायचीय अजून! आतली बहुतेक सुपरमार्केटमधली साधी रूबी (कोवळी, स्वस्त पोर्ट) असावी, नऊ-दहा पौंडांची.

मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "जाऊ दे, सकाळी भटजींनी पण दोन मंत्र गाळलेच होते."

पैसे परत मिळाले नाहीत. नंबर बंद, जाहिरात गायब. बँक म्हणाली माल तुमच्या हातात मिळालाय, हा तुमचा दोघांचा वाद. पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली, नंबर आला, पुढे काही नाही. क्रेडिट कार्डाने घेतलं असतं तर १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीकडे मागता आलं असतं, कारण एकेका बाटलीची किंमत १०० पौंडांच्या वर होती. पण डिकीतून विकणारा माणूस कार्डाचं मशीन कुठून आणणार, तिथेच कळायला हवं होतं. सगळ्यांचे पैसे मी परत करायला निघालो, चौघांनी घेतले नाहीत, तिघांनी घेतले, आणि ज्यांनी घेतले त्यांच्यासमोर मला आता जास्त मोकळं वाटतं, खरं सांगतो.

तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी बाटलीच्या तळाचा फोटो मागा आणि सीलची कड थोडी काढून मानेतून टॉर्च मारून कॉर्कचा फोटो मागा, काचेतून अक्षरं दिसतात. जुना माल ठेवणारा खरा माणूस याला नाही म्हणत नाही, मी नंतर दोघांना विचारून बघितलं, दोघांनी पाच मिनिटांत पाठवले. बाटल्या कुठल्या तळघरात होत्या, कधी घेतल्या, पावती आहे का, हे विचारायला लाजू नका. मी लाजलो होतो, त्याच्या आजोबांचा विषय होता ना.

चौथी बाटली न उघडता ठेवलीय, पुरावा म्हणून. आणि हे आजच लिहायला बसलो कारण काल रात्री सहज बघत होतो तर १९६६ च्या सहा बाटल्या विकायला आल्यात, लेबल नाही, लाखेचं सील, आजीचं तळघर. विकणाऱ्याचं नाव वेगळंय. टॉवेल तोच आहे, हिरव्या चौकड्यांचा.