केळीच्या ट्रकमधला ऑसिलेटर: दोन उन्हाळे वापरून

आमचा डबा ट्रकच्या डॅशबोर्डमागे बसतो आणि कॅन बसवरून (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांना जोडणारी माहितीची तार) इंजिनाची माहिती टिपतो. त्यातल्या कंट्रोलर चिपला ठरावीक वेगाचे ठोके देतो तो ऑसिलेटर. सावदा-रावेरहून केळी भरून उत्तरेला जाणाऱ्या गाड्या हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. पहिल्या खेपेला मी त्या ठोक्यांसाठी ८ मेगाहर्ट्झचा साधा क्रिस्टल (कंप पावणारा क्वार्ट्झचा तुकडा) टाकला होता. स्वस्त मिळाला, डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) नीट वाचलीच नाही. मे महिन्यात भुसावळहून ड्रायव्हरचा फोन: "भाऊ, तुना डबा मरी गया." गाडी दुपारभर उन्हात उभी होती. संध्याकाळी तोच डबा आपोआप सुरू!

मग डेटाशीट उघडली. क्रिस्टलची मर्यादा उणे २० ते ७० अंश. जळगाव-भुसावळात बाहेर ४५ असताना काचेमागे ७० ओलांडायला कितीसा वेळ लागतो? शिवाय चूक माझीही होती. क्रिस्टलला १२ पिकोफॅरडचा लोड (दोन्ही टोकांच्या कपॅसिटरचा मिळून भार) हवा होता, मी सवयीने २२-२२ चे कपॅसिटर लावले. ते सिरीजमध्ये येतात म्हणून ११, त्यात बोर्डावरच्या ट्रॅकचे चारेक धरले की १५ होतात. चालायचा, पण सुरू होताना कुंथायचा. क्रिस्टलसोबत सिरीजमध्ये रेझिस्टर वाढवत नेऊन तपासलं, तर क्रिस्टलच्या ईएसआरच्या (त्याच्या स्वतःच्या अंतर्गत रोधाच्या) दुपटीलाच ऑसिलेशन बंद. गाडीच्या कामाला निदान पाचपटीपर्यंत तरी ते टिकावं लागतं.

म्हणून मायक्रोचिप कंपनीचा डीएसए १००१ हा मेम्स ऑसिलेटर घेतला, म्हणजे क्वार्ट्झऐवजी सिलिकॉनचा सूक्ष्म कंपक असलेला तयार ऑसिलेटर. तो एईसी-क्यू१०० (गाड्यांतल्या चिपसाठीची चाचणी) पास आहे. मागवताना ग्रेड १ म्हणजे उणे ४० ते १२५ अंशांचाच कोड बघून घ्या, ग्रेड ३ फक्त ८५ पर्यंत. बाहेर कपॅसिटरची जोडी नाही, त्यामुळे माझ्यासारख्याला चुकायला जागाच उरत नाही. पुरवठ्याच्या पायाजवळ एक ०.१ मायक्रोफॅरडचा लावला की झालं. दोन उन्हाळे आणि रस्त्यांचे खड्डे, दोन्ही पचवले. त्या कारणाने एकही डबा परत आला नाही.

एक गोष्ट मात्र दुकानदार उलटी सांगतात: "साहेब, कमी पीपीएमचा घ्या." पीपीएम म्हणजे दहा लाखात किती चूक. ट्रकची जे१९३९ बस (अवजड गाड्यांच्या कॅनचं मानक) २५० केबीपीएसची. ५० पीपीएम म्हणजे ०.००५ टक्के, कॅनला त्याचा पत्ताही लागत नाही. पैसे तापमानाच्या ग्रेडवर घाला.

तक्रारी दोन. भाव क्रिस्टलच्या कितीतरी पट. आणि हा सतत काही मिलिअँपिअर खातो. गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरीला ते जड जातं. मी त्याची स्टँडबाय पिन (त्याला झोपवणारा पाय) कंट्रोलरला जोडून भागवलं.

डब्यातल्या तारीख-वेळेच्या घड्याळासाठी मात्र ३२.७६८ किलोहर्ट्झचा ट्युनिंग-फोर्क (चिमट्याच्या आकाराचा) क्रिस्टलच ठेवलाय. ६५ अंशांवर तो साधारण ५४ पीपीएम मागे पडतो, म्हणजे दिवसभर तेवढंच तापलं तर पावणेपाच सेकंद. जीपीएस लागला की वेळ जुळवून घेतो, म्हणून त्याच्या वाटेला गेलो नाही.