पिक्सेलवर ग्राफीनओएस: फोन घेताना काय तपासावे, बँकेचे अ‍ॅप कुठे अडते

अँड्रॉइडच्या खुल्या सोर्सकोडवर बांधलेली ग्राफीनओएस ही मोफत प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) सध्या गूगलच्या पिक्सेल फोनवरच चालते. पिक्सेलवर दुसरी प्रणाली टाकून झाली की बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा भाग) तिच्या डिजिटल किल्लीने पुन्हा कुलूपबंद करता येतो, हे त्यामागचे मोठे कारण. लिनेजओएस ही अशीच दुसरी प्रणाली इतर कंपन्यांच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांवर चालते, पण तिथे बूटलोडर सहसा उघडाच राहतो आणि फोन ज्याच्या हाती पडेल त्याला प्रणालीत ढवळाढवळ करता येते. अपडेट थांबलेला फोन जगवायला लिनेजओएस छान आहे. रोजच्या, पैशांच्या व्यवहाराच्या फोनसाठी मात्र ग्राफीनओएसच घ्यावी.

नाशिकमध्ये एमजी रोडवर जुना पिक्सेल पाहणार असाल, तर पैसे देण्याआधी काउंटरवरच एक तपासणी करा. 'अबाउट फोन'मध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करा, फोन हॉटस्पॉटला जोडा आणि 'डेव्हलपर ऑप्शन्स'मधले 'ओईएम अनलॉकिंग' (बूटलोडर उघडू देणारे बटण) चालू होते का बघा. बटण करडेच राहिले तर तो फोन घेऊ नका. अमेरिकेत व्हेरायझन या मोबाइल कंपनीसाठी विकलेल्या पिक्सेलचा बूटलोडर उघडत नाही, आणि बाहेरून फरक कळत नाही. पिक्सेल ६ए स्वस्तात मिळाला तरी त्याचे अपडेट जुलै २०२७ पर्यंतच आहेत. २०२४ च्या ८ए ला सात वर्षे मिळतात. थोडे जास्त मोजून ८ए घेणेच शहाणपणाचे.

इन्स्टॉलेशन अधिकृत संकेतस्थळावरून, क्रोम किंवा एजमध्ये होते. इनकॉग्निटो विंडो चालत नाही. संगणकावर २ जीबी रॅम आणि ३२ जीबी जागा मोकळी हवी. फोन बंद करून आवाज कमी करण्याचे बटण दाबून ठेवत सुरू केला की फास्टबूट मोड येतो; याच मोडमध्ये संगणकावरून नवी प्रणाली टाकता येते. काम अडते ते बहुतेक केबलपाशी: हब टाळा, यूएसबी थेट संगणकाच्या पोर्टला लावा, आणि फक्त चार्जिंगची केबल वापरू नका. विंडोजला फोन दिसला नाही तर विंडोज अपडेटच्या ऐच्छिक यादीतून ड्रायव्हर घ्या. बूटलोडर उघडताना सगळा डेटा पुसला जातो आणि पुन्हा बंद करतानाही, म्हणून फोटो आधीच दुसरीकडे उतरवून ठेवा. दिवे जाण्याचा भरवसा नसेल तर बॅटरी भरलेला लॅपटॉप वापरा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवटची 'लॉक बूटलोडर' ही पायरी. फोन चालू झाला म्हणून ती सोडून दिली, तर इतका खटाटोप करून मूळ सुरक्षा मिळतच नाही. पुढे सुरू होताना दिसणारी पिवळी सूचना हा बिघाड नव्हे.

प्ले स्टोअर हवे असेल तर ते इथे साध्या अ‍ॅपसारखे बसते, त्याला खास अधिकार नसतात. प्रत्येक अ‍ॅपची इंटरनेट परवानगी वेगळी काढता येते, आणि मराठी लोकांसाठी हे फार कामाचे आहे. मूळ कीबोर्डवर देवनागरी मांडणी आहे, पण 'kasa' असे रोमनमध्ये टाइप करून 'कसा' उमटवायची सवय असेल तर गूगलचा कीबोर्ड जीबोर्ड टाका आणि त्याचे इंटरनेट तोडा. टाइप केलेले मग त्याला थेट बाहेर पाठवता येत नाही.

खरी अडचण बँकांची. काही बँका गूगलचे प्रमाणपत्र मागतात. ग्राफीनओएसला ते मिळत नाही, म्हणून फोन सुरक्षित असूनही अ‍ॅप उघडत नाही. गूगल पेने फोन मशीनला टेकवून पैसे देणेही चालत नाही. अ‍ॅप नुसते बंद पडत असेल तर त्याच्या माहितीत जाऊन 'एक्सप्लॉइट प्रोटेक्शन कम्पॅटिबिलिटी मोड' चालू करून पाहा. यूपीआय नोंदणी अडकली तर एसएमएसची परवानगी दिली आहे का आणि बँकेत नोंदवलेलेच सिम निवडले आहे का, हे आधी बघा. काही अ‍ॅप डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले तरी नकार देतात; इन्स्टॉलेशननंतर ते बंदच करा. तुमच्या बँकेचे अ‍ॅप नव्या फोनवर नीट चालेपर्यंत जुना फोन विकू नका. अ‍ॅप चाललेच नाही, तर *९९# वरून इंटरनेटशिवाय यूपीआय व्यवहार करता येतात.