वाशीतलं शिक्षकांचं इंजिनीअरिंग ट्रेनिंग, जमलं तर नक्की करा
मी ऐरोलीत नववीला सायन्स शिकवते. नुसत्या पीपीटी नाहीत, आम्हालाच स्ट्रॉ आणि सेलोटेपचे पूल करायला लावले, वर वजन ठेवत गेले, चौकोनांचा लगेच कलंडला, त्रिकोणांचा टिकला, आणि मग २१.८ किमीच्या अटल सेतूवर जी चर्चा रंगली ती वर्गात जशीच्या तशी घेता येईल. दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनीअरिंग डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतला तर ट्यूशन फी पूर्ण माफ, हे पण नीट सांगितलं, पालकसभेत पहिलं हेच सांगणार मी. फक्त वर्कशीट सगळ्या इंग्रजीत, मराठी माध्यमाच्या शिक्षकांना त्या मराठीतच द्यायला हव्यात.