फिलाखच्या आसपास ग्रॅव्हल सायकल: सात महिने, 2,640 किलोमीटर आणि एक लाल रिंगणाची पाटी

खडीच्या रस्त्यांवर चालणारी ही ग्रॅव्हल सायकल एप्रिलमध्ये घेतली. आता नोव्हेंबर लागलाय, वरच्या डोंगरांवर बर्फ दिसायला लागलंय, म्हणजे हिशेब मांडायला हरकत नाही. फ्रेम साधी अॅल्युमिनियमची, पुढे एकच चाळीस दातांची चक्री, मागे 11 ते 42 दातांच्या चक्र्या, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. कार्बनचा मोह आवरला आणि त्याचा आजवर एकदाही पस्तावा झाला नाही.

फिलाख म्हणजे ऑस्ट्रियाचं दक्षिण टोक. इथून इटली आणि स्लोव्हेनिया दोन्हीकडे सायकलने जाऊन जेवायच्या वेळेला घरी परतता येतं. मी पुण्यात सिंहगड रस्त्यावर पहाटे पाचला निघून सायकल शिकलेली बाई. मागून ट्रक येतोय का हे बघत मान वळवायची सवय अशी हाडात मुरलेली, की इथे पहिले दोन आठवडे मी रिकाम्या नदीकाठीही मागे बघत होते. मागे कोणी नसायचं. फार तर ई-बाइकवरचे एखादे सत्तरीचे आजोबा, तेही मला ओव्हरटेक करण्याच्या तयारीत.

रोजचा रस्ता म्हणजे गाइल नदीचा काठ. फिलाखपासून हेर्मागोरपर्यंत पन्नासेक किलोमीटर, आणि एवढ्या अंतरात चढ जेमतेम शंभर मीटरचा. काही भाग डांबरी, पण बांधावरून जाणारे बारीक खडीचे पट्टे आहेत ना, त्यासाठीच ही सायकल. चाकाखाली सतत चरचर, एका बाजूला हिरवट पाणी आणि वर जाताना उजव्या हाताला डोब्राच डोंगराची उघडी पडलेली कडा. 25 जानेवारी 1348 ला भूकंप झाला, तेव्हा या डोंगराची दक्षिण बाजू कोसळली आणि गाइल अडली. त्या दरडीच्या राशीवर आज पाइनचं रान उभं आहे. हे वाचल्यानंतर त्या कड्याखालून जाताना मी जरा जोरात पॅडल मारते. काही उपयोग नाही, माहीत आहे.

आता टायर, कारण सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. सायकलबरोबर 38 मिलिमीटरचे आले होते. दुकानदार म्हणाला, पुरेत. पुरत नाहीत. नदीकाठी ठीक, पण जंगलातल्या मोठ्या खडीच्या उतारावर मनगटं बधिर व्हायची आणि मागचं चाक नाचायचं. जूनमध्ये 45 चे घातले, ट्यूब काढून टाकली, हवेचा दाब तीन बारवरून सव्वादोनवर आणला (माझं वजन 62 किलो). डांबरावर वेग किंचित कमी झाला असेल, खडीवर मात्र आधी ब्रेक धरून उतरत होते तिथे आता सोडून देते. पंक्चर दोन, तेही 38 वर. ट्यूबऐवजी टायरच्या आत घालतात ते भोकं बुजवणारं सीलंट तीन-चार महिन्यांत सुकतं हे कुणी सांगितलं नव्हतं. ऑगस्टमध्ये टायर हळूहळू बसायला लागला तेव्हा कळलं.

दुसरी गोष्ट चुनखडीची. इथल्या दक्षिणेकडच्या डोंगररांगांमध्ये चुनखडी भरपूर, खडीही त्याचीच. कोरडी असताना नुसती पांढरी धूळ, घरी आल्यावर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसतं. पाऊस झाला की त्या धुळीचा लगदा होतो, आणि तो लगदा चेन आणि ब्रेक पॅड दोन्ही खातो. मागचे पॅड 1,400 किलोमीटरला संपले. तेल सोडून चेनला मेण लावायला सुरुवात केली, तेव्हापासून धूळ कमी चिकटते. इथे येणाऱ्याने मडगार्डवर पैसे घालवावेत, हलक्या चाकांवर नाही.

आणि आता ती पाटी. नकाशा उघडला की इथे जंगलरस्त्यांचं जाळं दिसतं, डोळे दिपावे इतकं. केर्न्टेनचा, म्हणजे फिलाख ज्या राज्यात आहे त्याचा, निम्म्याहून जास्त भाग जंगल आहे आणि लाकूड काढायला प्रत्येक डोंगरावर खडीचा रस्ता गेलेला आहे. मे महिन्यात मी अशाच एका रस्त्याने आनंदात सहा किलोमीटर वर गेले. वळणावर जीप उभी. त्यातल्या गृहस्थांनी अत्यंत सभ्यपणे मला सायकल फिरवायला लावली. खाली उतरताना ती पाटी दिसली: पांढरा गोल, भोवती लाल रिंगण. मला वाटलं होतं ती गाड्यांसाठी. ऑस्ट्रियाचा 1975 चा वनकायदा सांगतो की विरंगुळ्यासाठी जंगलात पायी कोणीही जावं, पण वाहन न्यायचं तर मालकाची किंवा रस्ता सांभाळणाऱ्याची परवानगी हवी. सायकल वाहनातच मोडते. शेजारच्या बव्हेरियात निसर्गात फिरण्याचा हक्क थेट राज्यघटनेत लिहिलेला आहे आणि तिथे सायकलवाल्यांना बरीच मोकळीक मिळते. इथे जे मार्ग मालकांशी करार करून उघडले आहेत तेवढेच आपले, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी संध्याकाळनंतर बंदी, कारण ती शिकारीची वेळ. नियमाचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण लाकडाने भरलेला ट्रक त्याच अरुंद रस्त्यावरून खाली येताना पाहिला आणि वाद घालायची हौस कमी झाली.

म्हणजे नकाशात दिसतं त्याचा एक हिस्साच हाती लागतो. तो हिस्सा मात्र खरोखर वाहनमुक्त आहे, जर ट्रॅक्टरला वाहन मानत नसाल तर. पाटीवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं: शेतीची वाहनं वगळून. एप्रिलमध्ये हे ट्रॅक्टर शेतात पातळ शेणखत फवारतात, तेव्हा तोंड मिटून चालवा.

वर उन्हाळी कुरणांवर गुरं. फाटक उघडलं तर मागे लावून घ्यायचं, वासरं आणि आई यांच्या मधून जायचं नाही, गरज पडली तर उतरून लांबून वळसा घालायचा. तिथल्या झोपडीत थंड ताक मिळतं. बिनमिठाचं, बिनजिऱ्याचं, पण ताकच. मी खिशात काळं मीठ ठेवते. सप्टेंबरमध्ये गुरं फुलं-घंटांनी सजवून खाली आणतात. त्या दिवशी वाटेत अडकले आणि पोळ्याची इतकी आठवण झाली की अर्धा तास सायकल टेकून उभीच राहिले. त्याच महिन्यात जवळच्या तळ्याकाठी मोटरसायकलवाल्यांचा प्रचंड मेळा भरतो. तो आठवडा सायकल तळघरात.

पाहुण्यांना मी इटलीतल्या तार्विझियोवरून स्लोव्हेनियातल्या क्रान्स्का गोराला नेते. जुना रेल्वेमार्ग 1960 च्या दशकात बंद पडला, त्यावर आता सायकलवाट आहे. रेल्वेचा चढ तो, त्यामुळे कुणाचीच दमछाक होत नाही. वाटेत झेलेन्त्सीला सावा नदी तळातून बुडबुडत वर येताना दिसते. ही वाट मुख्यतः डांबरी, ग्रॅव्हलची गरज नाही, तरी एकदा जाच. उन्हाळ्यात दुपारी ढग जमतात आणि चार वाजता गडगडाट ठरलेला, म्हणून सकाळी सातला निघा. परत येताना ट्रेनने यायचा बेत असेल तर रविवारी सायकलच्या डब्यात जागा मिळेलच असं धरून चालू नका.

घ्यावी का? खडीवर निवांत तीन-चार तास काढणारं कोणी असेल तर डोळे मिटून. फक्त उतारावरच्या थरारासाठी हवी असेल तर पुढे सस्पेन्शन असलेली घ्या. माझे 38 चे टायर तळघरात पडून आहेत, जेमतेम 900 किलोमीटर चाललेले. केर्न्टेनमध्ये कोणी असेल तर येऊन घेऊन जा, बदल्यात गोडा मसाला चालेल.