चौदा फुटांच्या ड्रेनेज लाईनचे अठ्ठावन्न फुटांचे बिल

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, सांगलीत विश्रामबागला असलेल्या आमच्या घरातील संडास तुंबला आणि न्हाणीघराच्या जाळीतून घाण पाणी उलटे वर येऊ लागले. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन जेमतेम बारा दिवस झाले होते, यजमान कोल्हापूरला ड्युटीवर होते आणि आमचे नेहमीचे प्लंबर पंढरपूरला गेले होते. इंटरनेटवर पहिला क्रमांक दिसला आणि मी फोन केला, तो या परिस्थितीत केला. घरात आजारी माणूस असताना चार ठिकाणी चौकशी करत बसणे मला शक्य नव्हते.

फोनवर ४९९ रुपये सांगितले होते. दोघे जण आले, गणवेश घातलेले, अत्यंत अदबीने बोलणारे. ‘ताई, २०१९ च्या महापुराचा गाळ पाईपमध्ये बसलाय,’ असे त्यांतला मोठा म्हणाला. त्या महापुरात पाणी आमच्या गल्लीपर्यंतही आले नव्हते, तरी मी मान डोलावली. मग स्प्रिंगचे मशीन लावले, दर फुटाला १८० रुपये. मशीन सुरू होण्यापूर्वी दर विचारला होता, पण फूट कोण मोजणार हे विचारले नाही.

अठ्ठावन्न फूट स्प्रिंग आत गेल्याचे त्यांनी सांगितले. न्हाणीघरापासून बाहेरच्या चेंबरपर्यंतचे अंतर चौदा फूट आहे, हे घर बांधताना मी स्वतः उभे राहून पाहिले आहे. चेंबरचे झाकण उघडे होते, आतला तळ कोरडा होता आणि त्यात स्प्रिंगचे टोक कुठेही आलेले नव्हते. मी त्या चेंबरजवळ उभी होते, आत वाकून पाहत होते. मग उरलेली चव्वेचाळीस फूट स्प्रिंग गेली कुठे, हा साधा प्रश्न माझ्या तोंडातून निघाला नाही, आणि त्या क्षणाचा संताप आजही रात्री झोपू देत नाही.

मशीनचे १०,४४० रुपये, केमिकलच्या दोन कॅनचे २,५०० रुपये, आणि ‘आतला पाईप फुटलाय, पूर्ण लाईन बदलावी लागेल’ म्हणून १४,००० रुपये. भेटीच्या शुल्कासह एकूण २७,४३९ रुपये मी यूपीआयने भरले. मी सासूबाईंना जेवण द्यायला आत गेले, तेवढ्या वेळात फरशी बसवूनही झाली. चौदा फुटांची लाईन अर्ध्या तासात बदलत नाही. काम झाकण्यापूर्वी फोटो काढा आणि बादलीभर पाणी ओतून ते चेंबरमध्ये येते का, हे स्वतः पाहा.

आठव्या दिवशी पुन्हा तुंबले. वारीहून परतलेल्या आमच्या प्लंबरनी चेंबरच्या बाजूने बांबूची कामटी घातली आणि केसांच्या गुंत्यात अडकलेले फरशी पुसायचे फडके बाहेर ओढले. त्याच्या मधोमध स्प्रिंगने पाडलेले छिद्र होते. आठ दिवस पाणी गेले ते त्या छिद्रातून. फरशी काढली, तेव्हा दोन फुटांचा नवा पाईप जुन्या अखंड पाईपवर नुसता मातीत ठेवलेला आढळला. त्यांनी ७०० रुपये घेतले. चेंबर कोरडा असेल, तर तुंबलेली जागा घर आणि चेंबर यांच्यामध्येच असते, हे त्यांनी मला तेव्हा सांगितले.

पोलीस ठाण्यात तक्रार करायला गेले, तेव्हा ‘पैसे तुम्हीच पाठवलेत, हा दिवाणी वाद आहे’ असे ऐकवले गेले. सायबर गुन्ह्यांच्या टेबलावरचे म्हणाले, माणूस घरी आला होता, म्हणजे हे आमच्याकडे येत नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन केला, तर पुन्हा स्थानिक ठाण्यात जा. पालिकेच्या कार्यालयात सांगितले, की घरातील लाईन त्यांच्या अखत्यारीत नाही. परवानाधारक प्लंबरांची यादी मागितली, तर भिंतीवरच्या अशा फलकाकडे बोट दाखवले, ज्यावरील निम्मे क्रमांक लागत नाहीत. एका बाईने दोन आठवड्यांत चार कार्यालयांचे उंबरठे झिजवावेत आणि प्रत्येकाने पुढचे दार दाखवावे, याला व्यवस्था म्हणायचे का? ग्राहक आयोगात, सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो आणि माझ्या बिलावर मोबाईल क्रमांकाखेरीज काहीही नाही. पत्ता नसलेले बिल घेऊन एक रुपयाही देऊ नका.

तो क्रमांक आता बंद आहे. तीच जाहिरात, तोच फोटो, दुसऱ्या क्रमांकासह अजून दिसते; त्यात सांगलीबरोबर आता मिरज आणि तासगावचीही नावे आहेत.