बिलावर यंत्र 'भेट' होतं : कंबरदुखीच्या शिबिरात माझे 41,500 रुपये कसे गेले

पहाटे साडेचारला उठून मी रोज दोनशेच्या आसपास पोळ्या लाटते. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत जाणारे चाळीस डबे आठच्या आत घराबाहेर पडावे लागतात. बारा वर्षं ओट्याशी उभं राहून कंबर धरायला लागली होतीच. 2024 च्या दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी सुरू असताना पिठाचा डबा उचलायला वाकले आणि अशी चमक भरली की तिथंच खाली बसले. पाठोपाठ डाव्या पायात मुंग्या. एमआरआय काढला, एल-4 आणि एल-5 या कंबरेच्या दोन मणक्यांमधली गादी थोडी सरकली आहे म्हणाले. डॉक्टरांनी गोळ्या, शेक आणि व्यायाम सांगितला. गोळ्या घेतल्या, शेक घेतला, व्यायामाला मात्र वेळ काढला नाही. हे आधीच सांगते, कारण असली शिबिरं भरवणाऱ्यांना अशीच माणसं हवी असतात. दुखणं आहे, आणि काम सोडून बसायची सोय नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये पेपरातून एक पत्रक आलं. 'मोफत मणका तपासणी शिबिर, ऑपरेशन टाळा.' ठिकाण आमच्या सिडकोतलंच एक मंगल कार्यालय. गेले तर साठ-सत्तर माणसं टोकन घेऊन बसलेली, बहुतेक माझ्याच वयाची. पांढरा एप्रन घातलेला, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला एक तरुण सगळ्यांना तपासत होता. बाकीची पोरं त्याला 'डॉक्टर साहेब' म्हणत होती. त्याने मला विचारलं, कधीपासून दुखतंय, रिपोर्ट आणलाय का, आतापर्यंत किती खर्च झाला, घरात कमावणारं कोण, बँक कुठली. हे सगळं त्याने फॉर्मवर लिहून घेतलं. त्या स्टेथोस्कोपला त्याने एकदाही हात लावला नाही. मी सहा वर्षं बीपीची गोळी घेते, आणि माझ्या आईची नजर काचबिंदूने गेली. हे त्याने विचारलं नाही, आणि कंबरेचा डोळ्यांशी काही संबंध असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

मग एका मुलीने दहा मिनिटं पाठीला तेल चोळलं, त्यावर गरम पिशवीचा शेक दिला, आणि मला त्यांच्या यंत्रावर, म्हणजे माणसाला उलटं कलवणाऱ्या टेबलावर घेतलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. लोखंडी चौकटीवर झुलणारी एक लांब गादी असते. घोटे फोमच्या रुळांत अडकवून दांडा ओढला की ते पक्के बसतात. हात डोक्याच्या दिशेने नेले की गादी मागे कलते, पाय वर आणि डोकं खाली होतं. त्या दिवशी मला अगदी थोडंच कलवलं. दोन मिनिटं. आणि खरं सांगते, तीन महिन्यांत पहिल्यांदा कंबरेवरचं ओझं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं वाटलं. मी रडले तिथं. तो आराम खोटा नव्हता आणि म्हणूनच मी फसले. माझ्या अंगाला जे कळत होतं, त्यावर मी शंका कशी घेणार होते?

टेबलावर चढायच्या आधी त्यांनी भिंतीवरच्या पट्टीला उभं करून उंची मोजली होती. उतरल्यावर परत मोजली, आठ मिलिमीटर जास्त भरली. "बघा ताई, मणक्यातली गॅप उघडली." मागे फ्लेक्स लावलेला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'इंग्लंडमधील संशोधन : 77 टक्के रुग्णांचे ऑपरेशन टळले'.

किंमत 41,500 रुपये. मी उठायला लागले तर तो म्हणाला, ताई, पैशाचं टेन्शन घेऊ नका, आज 8,500 भरा, बाकी महिना 3,000 चे अकरा हप्ते, व्याज नाही. पसंत नाही पडलं तर सात दिवसांत परत. भिशी नुकतीच लागली होती, त्यातले 8,500 रोख दिले. शेजारच्या टेबलावर एक मुलगा मोबाइल घेऊन बसला होता. आधार, पॅन, बँकेचा तपशील घेतला, माझा फोटो काढला, आणि दोन वेळा आलेला ओटीपी मी माझ्या तोंडाने त्याला वाचून दाखवला. तो माझ्या नावावर कर्ज काढत होता हे मला त्या वेळी कळलं नाही. दुकानदाराला हप्ते द्यायचे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पैसे दिले त्याच्या नवव्या दिवशी यंत्र घरी आलं. सात दिवस संपून गेले होते. जोडायला आलेल्या मुलाने वीस मिनिटांत चौकट उभी केली, कागदावर सही घेतली आणि गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी डबे उरकून मी एकटी टेबलावर चढले. आमचे हे कामावर होते. घोटे अडकवले, हात डोक्यामागे नेले, आणि गादी थोडी कलून थांबण्याऐवजी झपकन पूर्ण उलटी झाली. मी सरळ लोंबकळत होते. हात छातीशी आणले की वर येता येतं असं शिबिरात सांगितलं होतं. आणले, काही हललं नाही. कानात रक्ताचे ठोके ऐकू येत होते, डोळे बाहेर येतील असं वाटत होतं. घोट्यांचा दांडा हाताला पुरत नव्हता. ओट्याखालचा पिठाचा डबा समोर उलटा दिसत होता, त्यावरचं झाकण मी अजून विसरलेले नाही. ओरडले तशी शेजारची सून तिच्या दिराला घेऊन धावत आली. दार नुसतं लोटलेलं होतं म्हणून बरं. त्या पोराने डोक्याकडची बाजू उचलून धरली तेव्हा मी आडवी झाले. किती वेळ गेला माहीत नाही, पाच-सहा मिनिटं असतील. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात लालभडक डाग उतरला होता.

संध्याकाळी दवाखान्यात नेलं. बीपी 180 च्या वर. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला. तो साधारण 10 ते 21 च्या मध्ये असावा लागतो, माझा 26 आणि 24 निघाला. त्यांनी घरात कुणाला काचबिंदू होता का, हे पहिल्यांदा विचारलं. आता रोज रात्री थेंब घालते. हा आजार त्या यंत्राने झाला असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. तो आधीपासून असणार. पण डोकं खाली, पाय वर केले की डोळ्यातला दाब दुपटीच्या आसपास जाऊ शकतो, रक्तदाबही चढतो, म्हणून ज्याला काचबिंदू, वाढलेला रक्तदाब किंवा हृदयविकार आहे, डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे, त्याने असं उलटं होऊच नये. हे त्यांनी मला समजावून सांगितलं. 41,500 रुपये घेणाऱ्याने हा एक प्रश्न विचारला असता तर मी त्या गादीवर पाठ टेकली नसती.

माझा भाचा फिजिओथेरपिस्ट आहे. तो रविवारी आला आणि आधी यंत्राकडे गेला. "मावशी, हा दांडा बघ." उंचीप्रमाणे दांडा मागेपुढे करायला भोकं आणि खीळ असते. जोडणाऱ्याने ती सगळ्यात आतल्या भोकात ठेवली होती, म्हणजे अगदी बुटक्या माणसासाठी. माझी उंची 5 फूट 2 इंच. त्यामुळे वजन डोक्याकडे गेलं आणि गादी उलटली. किती कलायचं ते अडवणारा एक पट्टा असतो. चौकटीवर तो अडकवायच्या दोन कड्या होत्या, पट्टा खोक्यात नव्हताच. आणि खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, देश नाही, महिना-वर्ष नाही, छापील किंमत नाही. बंद खोक्यातल्या मालावर हे सगळं असणं कायद्याने सक्तीचं आहे. तसंच दिसणारं टेबल त्याने मोबाइलवर दाखवलं, पंधरा-सोळा हजारांना.

मग उंचीचं त्याने सांगितलं. मणक्यांमधल्या गाद्या रात्री झोपेत पाणी शोषून फुगतात, दिवसभर उभं राहून दबतात. सकाळी प्रत्येक माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर किंवा थोडा जास्तच उंच असतो. थोडा वेळ आडवं पडलं, ताणलं गेलं की काही मिलिमीटर वाढतात आणि उभं राहून पोळ्या लाटल्या की पुन्हा जातात. त्याने स्वयंपाकघराच्या दाराला पेन्सिलने खूण करून मला रात्री आणि सकाळी मोजून दाखवलं. ती खूण अजून आहे.

ते 77 टक्केही त्याने शोधलं. अभ्यास खरा आहे, 2012 साली छापलेला, इंग्लंडच्या न्यूकॅसलमधला. पण उलटं टांगलेले रुग्ण होते 13, त्यातल्या 10 जणांचं ऑपरेशन टळलं. तेही एकच गादी सरकलेले, ऑपरेशनच्या यादीत असलेले, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि फिजिओथेरपीसोबत. फ्लेक्सवर 13 हा आकडा कुठेच नव्हता. उलट, मणका ताणण्याचे उपाय कंबरदुखीवर देऊ नयेत असं ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक सूचनांत 2016 पासून लिहिलेलं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी तेच सांगितलं. त्यांचा भर व्यायामावर आणि दुखणं नीट समजून घेण्यावर आहे. एमआरआयबद्दलही तो म्हणाला, पन्नाशीतल्या, काहीच न दुखणाऱ्या माणसांचे फोटो काढले तरी साठ टक्क्यांच्या आसपास लोकांत गादी फुगलेली दिसते. मी त्या कागदाला तीन महिने शिक्षेसारखी घाबरून बसले होते. फक्त एक गोष्ट त्याने बजावली. लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

आता पैशाचं. पत्रकावरचा नंबर दोन दिवस वाजला, मग बंद. मंगल कार्यालयवाल्यांनी हॉल रोखीने दिला होता, पुढचं त्यांना ठाऊक नाही. बिल पहिल्यांदा नीट वाचलं ते भाच्याने. त्यावर लिहिलं होतं, 'वेलनेस सदस्यता शुल्क 41,500, परतावा नाही', आणि खाली बारीक अक्षरांत, 'यंत्र : भेट'. जीएसटी नंबर नाही. म्हणजे कागदावर मी काही विकतच घेतलं नव्हतं, त्यामुळे परत करायलाही काही नव्हतं. हा कावा लक्षात ठेवा. बिलावर वस्तूचं नाव, मॉडेल, किंमत आणि विकणाऱ्याचा पत्ता नसेल तर पैसे देऊ नका, मग समोर कुणीही एप्रन घालून बसलेला असो. आणि तो कोण आहे हे विचारायला लाजू नका. अ‍ॅलोपॅथीचा डॉक्टर असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, फिजिओ असेल तर राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा. खरा माणूस तो लगेच सांगतो. मी विचारला नाही.

कर्जाचा प्रकार त्याहून वाईट. यंत्र फसवं निघालं तरी हप्ता थांबत नाही, कारण कर्ज देणारी कंपनी वेगळी. मी रागाने एक हप्ता बुडवला तर दंड लागला आणि वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. मोबाइलवर घेतलेल्या अशा कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं, ती मुदत कराराच्या कागदावर लिहिलेली असते. माझा तो कागद ईमेलवर आला होता, आणि माझा ईमेल मुलाने काढून दिलेला, मी कधी उघडत नाही. ओटीपी सांगण्यापूर्वी त्याच्या मेसेजमध्ये काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घ्या. माझ्या मेसेजमध्ये 'कर्ज' हा शब्द होता. मी फक्त आकडे वाचले.

पुढे काय केलं तेही सांगते, कारण मला हे सगळं कळायला चार महिने गेले. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं. तीस दिवसांत समाधान झालं नाही, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला. त्यानंतर दंड मागे घेतला, हप्ते मात्र चालूच राहिले. आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जिथे राहतो तिथेच ती करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. वकील लागतोच असं नाही. भाच्याने ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर कागद चढवले, बिल, पत्रक, खोक्याचे सहा बाजूंचे फोटो, डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद. पत्रक मी फडताळात पुरणाच्या डाळीच्या बरणीखाली घातलं होतं, म्हणून ते राहिलं. विकणाऱ्याचा पत्ता हाच पुराव्यातला दुबळा भाग आहे.

म्हणून त्या दिवशी टोकन घेऊन बसलेल्यांना मी शोधते आहे. एकाच प्रकारे फसलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. दळणाच्या गिरणीत एक वहिनी भेटल्या, त्यांच्याकडेही 'यंत्र : भेट' असलेलं बिल आहे. त्यांच्या नणंदेचं तिसरं. चौथे एसटीतून निवृत्त झालेले एक काका, त्यांच्या बिलावर शिक्का उमटलाय आणि त्यात अर्धा पत्ता वाचता येतो. ते बिल आम्ही परवा झेरॉक्सच्या दुकानात मोठं करून घेतलं. गल्लीचं नाव लागलंय, गावाचं पहिलं अक्षर लागलंय. तुमच्याकडे असं बिल असेल, ओला हात लागून पुसट झालेलं असलं तरी, टाकू नका. सिडकोत त्रिमूर्ती चौकाच्या आसपास कुणालाही पोळी-भाजीवाल्या बाईचं घर विचारा. दुपारी दोननंतर मी घरीच असते.